पाडव्याचे ताट आणि बाह्लीक देशीचा हिंग

चैत्र शुद्ध प्रतिपदेस अभ्यंगस्नान उरकले, दारी गुढी उभी राहिली, की घरातील लहानथोर प्रथम हातावर घेतात तो कडुनिंबाचा प्रसाद. निंबाची कोवळी पाने व फुले, मिरे, मीठ, ओवा, जिरे, चिंच, गूळ आणि हिंग ही सारी एकत्र वाटून केलेली ती लहानशी गोळी. वर्षाचा पहिला घास कडू असावा, परंतु त्यात गोडाचा अंशही असावा, हे पूर्वसूरींचे तारतम्य आम्ही कीर्तनांतून अनेकदा सांगितले आहे. आज त्या गोळीतील एकाच जिनसाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. निंब आपल्या अंगणातला, चिंच पांदीच्या झाडाची, गूळ आपल्याच उसाचा. हिंग मात्र आपल्या शिवारातला नव्हे. हिंगोलीच्या नावात हिंग ऐकू येतो, म्हणून त्या श्लेषावर कोणी व्युत्पत्तीचा इमला उभारू नये. हिंगाचे झाड आमच्या काळ्या जमिनीत येत नाही. तो येतो अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तान ह्या देशांतील रुक्ष, थंड डोंगरउतारांवरून.

मागे जिल्ह्यातील एका गावी पाडव्याचे कीर्तन चालले असता हीच गोष्ट निघाली. तेव्हा पुढच्या रांगेत बसलेल्या एका शाळकरी मुलाने विचारले, “बुवा, मग वर्षाचा पहिला प्रसाद परदेशी वस्तूचा कसा काय चालतो?” सभामंडपात हशा पिकला. प्रश्न हसण्याजोगा नव्हता. आपले कोणते आणि परके कोणते, हे ठरवावयाचे कशावरून, असाच त्याचा अर्थ होता. ह्या प्रश्नाचे उत्तर आज प्रत्येक श्रद्धाळू घराने स्वतःशी देणे अगत्याचे झाले आहे, असे आम्हांस वाटते.

हिंगाची वाट

संस्कृत भाषेला हिंगाचे परदेशीपण कधी लपवावेसे वाटले नाही. अमरकोशात हिंगूला जी नावे दिली आहेत, त्यांत ‘बाह्लीक’ आणि ‘रामठ’ ही दोन आहेत. बाह्लीक म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातील बल्ख प्रांत. रामठ हे वायव्येकडील एका जनसमूहाचे नाव. म्हणजे आपल्या कोशकारांनी वस्तूच्या नावातच तिचे गाव नोंदवून ठेवले. चरकाचार्यांनी अग्निदीपन करणाऱ्या आणि वातकफांचे शमन करणाऱ्या द्रव्यांत हिंगाच्या निर्यासाला श्रेष्ठ म्हटले आहे. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे यांच्या संगतीने तोच हिंग ‘हिंग्वष्टक’ होऊन तुपासह आपल्या पहिल्या घासात येतो. बाह्लीक देशीचा म्हणून त्याला कोणी पंक्तीतून उठविले नाही.

द्राक्षांचीही हीच कथा. काबूलच्या उत्तरेस कापिशी नावाची नगरी होती. तिच्यावरून ‘कापिशायन’ हा शब्द कसा सिद्ध होतो, याचे सूत्र पाणिनीने दिले आहे आणि टीकाकारांनी उदाहरण म्हणून तेथील द्राक्षांचे नाव घेतले आहे. स्वतः पाणिनी गांधार देशातील शलातुर गावचा. ज्याच्या व्याकरणावर आमच्या संस्कृताची सारी इमारत उभी आहे, तो आचार्य त्या मुलुखाच्या उंबरठ्यावरच वाढला, ही गोष्ट विसरून कसे चालेल?

हिंग निघतो कसा, हेही जाणून घेण्यासारखे आहे. बडीशेप आणि कोथिंबीर यांच्याच कुळातील ही वनस्पती. ती चार-पाच वर्षांची झाली की मुळाशी छेद देतात. त्यातून दुधासारखा चीक पाझरतो आणि वाळून डिंकासारखा घट्ट होतो. अस्सल हिंग इतका उग्र, की तो तसाच फोडणीत घालता येत नाही. म्हणून डिंक व गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ मिसळून त्याचा बांधानी हिंग करतात. उत्तर प्रदेशातील हाथरस हे गाव ह्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. (एकादशीस हिंग वापरणाऱ्या घरांनी डबीवरील मजकूर वाचून पाहावा. पीठ मिसळलेला हिंग उपवासाला कसा चालेल?) आपला देश दरसाल सुमारे १,२०० टन कच्चा हिंग बाहेरून आणीत असल्याचे २०२० साली सांगण्यात आले होते. त्याच वर्षी, १५ ऑक्टोबर रोजी, पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा संस्थेने हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात क्वारिंग ह्या गावी हिंगाचे पहिले रोप लावले. हा प्रयत्न स्तुत्य आहे. तथापि आजवरच्या इतक्या पिढ्यांच्या वरणाला फोडणी मिळाली ती त्या दूरच्या डोंगरांवर मुळे खणणाऱ्या अनोळखी हातांमुळे, हे ऋण त्याने फिटत नाही.

हे ऋण एकतर्फी मात्र नाही. हळद पिकविण्यात आपला देश जगात पहिला, आणि आमचा जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीचा लौकिक आणि हिंगोलीच्या संत नामदेव हळद बाजारात लागणाऱ्या पोत्यांच्या थप्प्या वाचकांना ठाऊक आहेतच. काबूलच्या रश्शात हळद पडते; आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील अल्जीरियात ‘रास अल-हानूत’ नावाचा जो मिश्र मसाला घरोघरी असतो, त्यातही ती असते. तिकडचा हिंग इकडे, इकडची हळद तिकडे. व्यापाऱ्यांनी ही देवघेव केली. पण ती टिकविली स्वयंपाकघरांनी.

चमकातील गोधूम

औंढ्याच्या नागनाथास रुद्राभिषेक चालला असता चमकाच्या अनुवाकांत धान्यांची एक यादी येते. यजमान देवापाशी व्रीही मागतो, यव मागतो, माष, तिल, मुद्ग मागतो, आणि त्याच यादीत गोधूम मागतो. गोधूम म्हणजे गहू. ऋग्वेदात यव आहे, गोधूमाचा उल्लेख नाही; यजुर्वेदात तो आला. गव्हाची शेती प्रथम पश्चिम आशियात सुमारे १०,००० वर्षांपूर्वी सुरू झाली आणि तेथून ते धान्य पूर्वेकडे सरकत आले, हे आज सर्वमान्य आहे. हरभऱ्याचे मूळही त्याच बाजूचे. मग पाडव्याच्या पुरणपोळीत स्वदेशी काय उरले? उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीची तर आणखी मौज आहे. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले. युरोपीय जहाजांतून गेल्या पाचशे वर्षांत ते इकडे आले. तरीही एकादशीचा उपवास मोडला असे कोणास वाटत नाही.

ह्याचे कारण असे की, देवाच्या पुढे जाते ते धान्य एकटे जात नाही. ते निवडलेले, दळलेले, मळलेले, शिजवलेले असते. धान्य कोठूनही येवो, ज्या हातांनी ते सोवळ्यात रांधले आणि ज्या भावाने अर्पिले, त्या हातांमुळे आणि त्या भावामुळे ते नैवेद्य ठरते. हाताळल्याने परके आपले होते. आणि ह्याची दुसरी बाजू अशी, की हात काढून घेतल्याने आपलेही परके होते. ह्या दुसऱ्या बाजूकडे आम्ही शेवटी येऊ.

दोन दूरची स्वयंपाकघरे

कोणी विचारील, सणाच्या दिवशी अफगाण आणि अल्जीरियन पाकशास्त्राची चर्चा कशाला? त्या देशांच्या रांधपात मांसाचा वापर मोठा आहे आणि तो भाग आमच्या घरचा नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु तेथील गृहिणी वर्षारंभ कसा साजरा करतात आणि गव्हाला हात कसा लावतात, एवढेच जरी पाहिले तरी आपल्या घरातील अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

अफगाणिस्तानात वर्ष सुरू होते नवरोजला, म्हणजे २०-२१ मार्चच्या सुमारास, दिवस आणि रात्र समान होतात तेव्हा. आपला पाडवा त्याच्या मागेपुढे, कधी एक-दोन दिवसांच्या तर कधी तीन आठवड्यांच्या अंतराने येतो. त्या दिवसासाठी ‘समनक’ नावाचे पक्वान्न करतात. गहू भिजवून मोड आणावयाचे, कोंब वाटून त्यांचा रस काढावयाचा, त्यात पीठ घालून मोठ्या पातेल्यात रात्रभर शिजवावयाचे. गल्लीतील साऱ्या बायका जमतात, पाळीपाळीने ढवळतात, रात्रभर गाणी म्हणतात. साखर मुळीच घालीत नाहीत. मोड आल्याने गव्हात जी गोडी उतरते, तेवढीच. हे ऐकून आमच्या मराठवाड्यातील कोणत्या आजीला कुरडयांचा चीक आठवणार नाही? तीन दिवस गहू भिजविणे, रोज पाणी बदलणे, वाटून चीक गाळणे, पहाटे चुलीवर तो घोटीत बसणे, आणि पहिली वाटी पोरांच्या हाती देणे. त्यांचा गहू मोडाचा, आपला भिजवलेला. श्रम मात्र एकच, आणि ते एकटीने करावयाचे नाहीत हा संकेतही एकच.

नवरोजचा दुसरा पदार्थ ‘हफ्त मेवा’, म्हणजे सात मेवे. किसमिस, बदाम, पिस्ते, अक्रोड, जर्दाळू, सेंजद अशी सात प्रकारची सुकी फळे पाण्यात भिजत घालतात आणि गोडावलेल्या पाण्यासकट वाट्या भरून आल्यागेल्यास देतात. आपल्याकडे खारीक, खोबरे, खसखस, खडीसाखर आणि कोठे खिसमिस तर कोठे बदाम, असे पंचखाद्य खिरापतीस वाटतात. त्यांचे सात, आपले पाच. आणि आपल्या पाचांतील खिसमिस हा शब्दही फारसीतूनच आलेला.

ह्या नवरोजविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत तो २००९ साली भारतासह सात देशांच्या नावे दाखल झाला आणि २०१६ साली अफगाणिस्तानचे नावही त्यांत आले. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये त्या देशात सत्ता पालटली आणि २०२२ पासून नवरोज हा तेथे सरकारी सुटीचा दिवस राहिला नाही. चौकातला उत्सव थांबला. घरातल्या वाटीत मेवा भिजतोच. सण दरबाराच्या आज्ञेने जगत नाही, तो चुलीच्या उबेवर जगतो, ह्याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता अल्जीरिया. भूमध्य समुद्राच्या दक्षिण तीरावरील ह्या देशातील मूळच्या अमाझिग लोकांचा वर्षारंभ ‘यन्नायर’ १२ जानेवारीस, म्हणजे आपल्या मकर संक्रांतीच्या दोनच दिवस आधी येतो. २०१८ पासून तेथे तो राष्ट्रीय सुटीचा दिवस आहे. त्या दिवशी अनेक घरांत सर्वांत धाकट्या लेकराला मोठ्या परातीत बसवितात आणि त्याच्या डोक्यावरून सुका मेवा व मिठाई ओततात. भोवतालची मुले ती वेचून खातात. आपण संक्रांतीनंतर लेकराला बोरन्हाण घालतो. बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा त्याच्या डोक्यावरून सोडतो. दोन्ही प्रदेशांत हजारो कोसांचे अंतर. कोणी कोणाचे पाहून केले, असा दावा करण्याचे कारण नाही. लेकराच्या वाट्याला येणारे वर्ष भरलेले असावे, ही आईची इच्छा दोन्हीकडे एकच उपाय शोधते, इतके पुरे.

आणि त्यांचे रोजचे अन्न ‘कुसकुस’. रवा लाकडी किंवा मातीच्या रुंद परातीत घेतात, त्यावर मिठाचे पाणी शिंपडतात आणि तळहाताने गोल गोल फिरवीत त्याचे बारीक दाणे वळतात. मग निरनिराळ्या चाळण्यांतून चाळून एकसारखे दाणे निवडतात. खाली भाज्या व हरभरे यांचा रस्सा उकळत असतो. त्यावर सच्छिद्र भांडे ठेवून दाणे वाफवितात, काढून मोकळे करतात, तेल किंवा लोणी लावतात आणि पुन्हा वाफवितात. असे दोनतीनदा. ह्याचाच एक गोड प्रकार ‘मस्फूफ’; त्यात लोणी, साखर व मनुका घालतात आणि सोबत ताक पितात. वर्षाचा साठा करावयाचा असला म्हणजे शेजारणी एकत्र बसतात. परस्परांच्या कामाला असे धावून जाण्याला तेथे ‘तवीझा’ म्हणतात. आपल्या शेतकऱ्यांची इर्जिक आणि ही तवीझा ह्या सख्ख्या बहिणीच म्हणाव्यात.

ह्या कुसकुसाने एक असाध्य वाटणारी गोष्ट साधली. अल्जीरिया आणि मोरोक्को हे शेजारी देश. त्यांचे वैर जुने. तथापि मॉरिटानिया व ट्युनिशिया यांच्यासह ह्या दोघांनी एकत्र अर्ज केला आणि डिसेंबर २०२० मध्ये कुसकुस युनेस्कोच्या यादीत चौघांच्या नावे एकदम नोंदले गेले. पुढे आठच महिन्यांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, अल्जीरियाने मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले. वकिलाती बंद झाल्या. परात मात्र सामाईकच राहिली.

आपले गव्हले

कुसकुसाचे वर्णन वाचता वाचता वाचकांच्या डोळ्यांपुढे आपले गव्हले आले असतील. रव्याची घट्ट कणीक दुधात भिजवावी, चिमटीत घेऊन बोटांच्या अग्रांनी वळावी आणि गव्हाच्या दाण्याएवढा, दोन्हीकडे निमुळता तुकडा परातीत पाडावा. तो गव्हला. मालत्या, नखुल्या, बोटवी, सरगुंडे, पाटावरच्या शेवया ही त्याचीच भावंडे. नखावर वळले ते नखुले, बोटावर वळले ते बोटवे, काडीवर गुंडाळले ते सरगुंडे. लग्नाच्या रुखवतात त्यांच्या परड्या मांडल्या जात आणि मंगलकार्यात गव्हल्यांच्या खिरीला मान असे. चैत्र-वैशाखात नवा गहू घरी आला की आळीतील बायका दुपारी ओसरीवर जमत. ओव्या चालत, सुखदुःखे निघत, आणि परात भरत जाई.

ही सारी क्रियापदे भूतकाळी लिहिताना हात जड होतो. कीर्तनानिमित्त आम्ही ज्या घरांत उतरतो, तेथे आज बहुधा असे दिसते: सत्तरी ओलांडलेल्या आजींना गव्हले येतात, पण बोटे आखडली आहेत. त्यांच्या सुनेने ते लहानपणी पाहिले आहेत, केलेले नाहीत. नातीला नावही ठाऊक नाही. रुखवतात गव्हले आलेच तर शहरातून विकत आणलेले, काचेच्या बरणीत, शोभेसाठी. म्हणजे हिंग बाह्लीक देशातून येऊन आपला झाला, आणि गव्हला आपल्याच ओसरीवर राहून परका होत चालला.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. ह्याचा दोष सुनांवर ढकलण्याची जी रीत आहे, ती आम्हांस मान्य नाही. आजची सून शाळेत शिकविते, दवाखान्यात राबते, शेतात खुरपते आणि परत येऊन चूलही पेटविते. तिने एकटीने बसून परंपरा राखावी आणि बाकीच्यांनी पाटावर बसून तिची चव घ्यावी, हा न्याय नव्हे. पूर्वी गव्हले होत ते दहा हातांनी. हात कमी झाले, म्हणून गव्हले कमी झाले. तेव्हा परंपरेचा ज्यांना अभिमान आहे, त्या पुरुषांनीही हात धुऊन परातीपाशी बसावे. पंढरीच्या वाटेवर वारकरी पुरुष चुली मांडतात, भाकरी थापतात; तेथे जे शोभते ते घरी का शोभू नये? त्याचप्रमाणे बचत गटाच्या भगिनींनी केलेल्या शेवया-कुरडया विकत घेण्यातही आम्ही कमीपणा मानीत नाही. त्या हातांनीच केलेल्या असतात आणि त्यांनी एखाद्या घराची चूल पेटते. पण विकत घेतल्याने चव येते. विद्या येत नाही.

नामदेवरायांचा नैवेद्य

आमच्या जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवरायांचे जन्मस्थान मानले जाते. बाल नामदेवाची कथा घराघरांत ठाऊक आहे. वडील गावाला गेले, आईने नैवेद्याचे ताट हाती दिले, आणि देव जेवत नाही म्हणून ते मूल हटून बसले. अखेर विठ्ठल जेवला. ह्या कथेत देवाने ताटातील जिनसांची चौकशी केल्याचे कोठे आलेले नाही. ताट कोण घेऊन आला आणि कशासाठी हटून बसला, हेच त्याने पाहिले. पुढे ह्याच नामदेवांनी पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, कोरडी कशी खाशील म्हणून. आणि उत्तरायुष्यात ते पंजाबात घुमानपर्यंत गेले, तेथील लोकांत राहिले, तेथील अन्न जेवले. त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आजही गायिली जातात. नर्सीच्या मातीतला हा संत परमुलुखात परका ठरला नाही.

त्या शाळकरी मुलास आम्ही तेव्हा जे सांगितले, तेच येथे सांगतो. बाळा, हिंग परदेशी खरा. पण तुझ्या आजीच्या, पणजीच्या हातून तो इतक्या वेळा तुपात पडला आहे की आता तो तुझ्या घरचा आहे. तुझ्या घरचे खरे धन जायचे असेल तर ते परदेशी वस्तू आल्याने जाणार नाही. आजीच्या बोटांतले तुझ्या बोटांत आले नाही, तर जाईल.

म्हणून ह्या पाडव्यास वाचकांस एवढीच विनंती. बाजारातून श्रीखंडाचा डबा अवश्य आणा, त्यास आमची हरकत नाही. पण दुपारी तासभर घरातील सर्वांनी, मुलगे आणि जावईदेखील, परातीभोवती बसावे आणि मूठभर गव्हले वळावे. वाकडेतिकडे झाले तरी चालतील. खिरीत शिजले की सारे सारखेच. आजी असतील तर त्यांना मधोमध बसवावे, त्यांचे बोट कसे फिरते ते पाहावे, आणि त्या जे प्रमाण सांगतील ते वहीत उतरवून ठेवावे. आणि सकाळी निंबाच्या गोळीत चिमूटभर हिंग घालताना, ज्या डोंगरावर कोणी तो खणून काढला, त्या अनोळखी घरातही नव्या वर्षी वाटीभर मेवा भिजो, अशी प्रार्थना करावी.

नूतन संवत्सर सर्व वाचकांस आरोग्याचे व समाधानाचे जावो. इत्यलम्.